‘पळपुटा’: येरवड्याच्या उतारापासून रुपेरी पडद्यापर्यंत एका विशेषणाचा प्रवास

१/ मराठीत ‘बाजीराव’ या नावाचे दोन वाक्प्रचार झाले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कोणी रुबाब दाखवू लागला की ‘मोठा बाजीराव लागून गेलास’ असे सुनावले जाते. ऐन वेळी पाय काढता घेणारा मात्र ‘पळपुटा बाजीराव’ ठरतो. पहिल्या बाजीरावाचा अश्वारूढ पुतळा शनिवारवाड्यासमोर उभा आहे. त्याचा नातू दुसरा बाजीराव याच्या वाट्याला एक विशेषण आले. हा थ्रेड त्या विशेषणाचा.

२/ येरवडा म्हटले की मराठी माणसाला तुरुंग आठवतो, नाही तर मनोरुग्णालय. येथे एक लढाई झाली होती, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी असते. १६ नोव्हेंबर १८१७ रोजी मुळा-मुठेच्या येरवड्याजवळील उतारावर पेशव्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज समोरासमोर आली. पुढच्या चोवीस तासांत पुणे शहर पेशव्यांच्या हातून गेले, ते कायमचेच.

३/ या लढाईच्या अकरा दिवस आधी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली होती. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या छावणीत गेला. मागे राहिलेली रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली. रणांगणावर बापू गोखले लढत होते आणि पेशवे पर्वतीवरून लढाई पाहत होते. संख्येने कितीतरी मोठे असूनही पेशव्यांचे सैन्य निर्णायक विजय मिळवू शकले नाही. मोरोपंत दीक्षित पडले. दोन्ही फौजा पुन्हा सज्ज होऊ लागल्या.

४/ १३ नोव्हेंबरला जनरल स्मिथची कुमक पुण्यात येऊन पोचली. १६ तारखेला कंपनीच्या एका तुकडीने येरवड्याच्या उतारावरून नदी ओलांडली. पेशव्यांच्या सैन्याने प्रतिकार केला, पण ती तुकडी पलीकडे पोचलीच. त्या रात्री पेशव्यांनी तळ हलवला. १७ तारखेच्या सकाळी इंग्रज पुढे सरकले तेव्हा छावणी रिकामी होती. त्याच दिवशी बाळाजीपंत नातूंच्या हस्ते शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढले, असे परंपरा सांगते.

५/ ‘पळपुटा’ या शब्दाचा पाया ही रात्र आहे. पुणे सोडण्याची पेशव्यांची ही पहिली वेळ मात्र नव्हती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या, तेव्हाही बाजीराव कोकणात उतरून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह त्या पलायनातून निघाला. लोकस्मृतीत या दोन्ही पलायनांची सरमिसळ झाली आहे.

६/ ही सरमिसळ महाग पडते, कारण दोन्ही प्रसंगांचा अर्थ वेगळा आहे. १८०२ मध्ये बाजीराव एका मराठा सरदाराच्या भीतीने परकीयांकडे गेले आणि तैनाती फौजेच्या बदल्यात राज्याचे स्वातंत्र्य देऊन बसले. १८१७ मध्ये ते त्याच परकीयांशी लढून मागे हटले. पहिल्या कृतीने राज्य गहाण पडले. दुसरी कृती उशिरा का होईना, ते सोडवून घेण्याच्या प्रयत्नातली होती. तरीही बोलीत ठसली ती दुसरी.

७/ पराभवानंतर राजधानी सोडणारा प्रत्येक राज्यकर्ता पळपुटा ठरतो का? १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडत असता राजाराम महाराज बाहेर पडले आणि थेट दक्षिणेत जिंजीला गेले. मराठी मन त्याला पलायन म्हणत नाही; ती नीती मानली जाते, आणि ते योग्यच आहे. तिकडे नानासाहेब पेशवे १७६१ मध्ये पानिपतच्या रणांगणावर नव्हते. त्यांनाही कोणी हे विशेषण लावले नाही.

८/ फरक पडला तो शेवटाने. जिंजीच्या मागे संताजी-धनाजींचा अथक संघर्ष होता आणि राज्य टिकले. बाजीरावांच्या सात महिन्यांच्या धावपळीचा शेवट निराळा झाला. पुण्याहून माहुली, पंढरपूर, जुन्नरचा परिसर अशी त्यांची वाट सतत वळत राहिली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा घडले. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांसोबत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. ३ जून १८१८ रोजी अशीरगडाजवळ बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले.

९/ शरणागतीची अट होती सालिना आठ लाख रुपयांचे पेन्शन आणि दख्खनचा कायमचा त्याग. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार उदार वाटली. माल्कमला मात्र युद्ध लांबण्याची धास्ती होती. पाठीशी उरलेले सैन्य आणि जवळचा अशीरगड पाहता पेशव्यांना जागेवर बसवणे त्याला स्वस्त वाटले. आष्टीला सेनापती मेला आणि अशीरगडाजवळ स्वामीने पेन्शन घेतले. लोकांनी या दोन शेवटांची तुलना केली. येरवड्याच्या रात्रीवर काळा रंग चढला तो या जून महिन्यात.

१०/ मग हे चित्र लिहिले कोणी? पहिला मजकूर विजेत्यांचा होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारा घेतल्यावर एल्फिन्स्टनने रयतेसाठी जाहीरनामा काढला. त्यात बाजीरावांच्या कृतघ्नतेचा, राज्यातील अंदाधुंदीचा, १८१५ मध्ये पंढरपुरी झालेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आणि खडकीच्या हल्ल्याचा पाढा वाचला होता. राज्य का घेतले, हे प्रजेला सांगणारा तो आरोपपत्रवजा दस्तऐवज होता.

११/ दुसरा मजकूर ग्रांट डफचा. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. डफ हा एल्फिन्स्टनचा साहाय्यक होता आणि पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बसला. म्हणजे फिर्यादी पक्षाचा अधिकारीच पुढे निकालपत्र लिहिणारा झाला. कॅप्टन केपनने त्याचे केलेले मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने शाळांत गेले. कित्येक पिढ्यांनी आपल्या शेवटच्या पेशव्याची ओळख या पुस्तकातून करून घेतली.

१२/ पराभूत राजाला ऐषारामी, स्त्रीलंपट आणि भित्रा ठरवणे ही कंपनीच्या राज्यविस्ताराची ओळखीची भाषा होती. अवधच्या वाजिद अली शाहविषयी १८५६ च्या आसपास हेच लिहिले गेले. तेथेही नाच-गाणे पुढे करून राज्य गिळण्याचे समर्थन झाले. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’ने त्या प्रतिमेकडे पुन्हा पाहायला लावले. बाजीरावाच्या नशिबी असा चित्रपट आला नाही.

१३/ तरी सारे खापर इंग्रजांवर फोडून चालणार नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या शतपत्रांत उत्तर पेशवाईवर कठोर प्रहार केले. त्यांचा रोख एका माणसाच्या भित्रेपणावर नव्हता. भटभोजने, दक्षिणा, आळस आणि विद्येची हेळसांड यांनी समाज आतून पोखरला, असा त्यांचा आरोप होता. त्यांच्या दृष्टीने बाजीराव हे रोगाचे लक्षण होते.

१४/ शाहिरांचा सूर आणखी वेगळा. प्रभाकर, होनाजी, सगनभाऊ हे ‘रावबाजीं’च्या काळातले. लावणीला या दरबाराचा उदार आश्रय होता. राज्य गेल्यावरच्या पोवाड्यांत उपहासापेक्षा हळहळ अधिक आहे. दैव फिरले, वैभव लोपले, असा शोक आहे. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, म्हणून अशा रचना हाती उरल्या. पुढे १९५१ मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘अमर भूपाळी’ने हाच काळ होनाजीच्या बाजूने, म्हणजे गाण्याच्या बाजूने दाखवला.

१५/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय इतिहासलेखन सुरू झाले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी डफच्या बखरीवर टीका लिहिली. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली. शिवाजी महाराज, पहिला बाजीराव, थोरले माधवराव यांची मलिन प्रतिमा या पिढीने झटून उजळली. शेवटच्या पेशव्याच्या बाबतीत मात्र डफचा निकाल बहुतांशी तसाच राहिला. राष्ट्रीय कथेलाही राज्यनाशाचा एक गुन्हेगार हवा होता.

१६/ रंगभूमीने तो गुन्हा जन्माआधी नेऊन ठेवला. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) नारायणरावांचा १७७३ चा खून, राघोबादादा आणि आनंदीबाई हे प्रेक्षकांच्या मनात कायमचे कोरले गेले. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या आईचा मुलगा म्हणजे बाजीराव! खून झाला तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. ते जन्मले १७७५ मध्ये, धार येथे. बालपण आणि तारुण्य नजरकैदेत गेले. पण नाटकातला डाग रक्तातून उतरतो.

१७/ अपवाद होता तो कादंबरीचा. ना. सं. इनामदारांनी १९६० च्या दशकात आधी त्रिंबकजी डेंगळ्यांवर ‘झेप’ लिहिली आणि मग दुसऱ्या बाजीरावावर ‘मंत्रावेगळा’. विशेषण बाजूला ठेवून माणूस पाहण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. मात्र याच लेखकाच्या ‘राऊ’वर (१९७२) २०१५ मध्ये भव्य हिंदी चित्रपट झाला आणि जगभर पोचला तो पहिला बाजीराव. नातवाची कादंबरी ग्रंथालयात राहिली.

१८/ त्या चित्रपटावरून पुण्यात निदर्शने झाली. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, यावर ‘पिंगा’ गाण्याच्या निमित्ताने महिनाभर चर्चा रंगली. त्याआधी, १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ने नाना फडणविसांच्या चित्रणावरून वादळ उठवले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या बदनामीविरुद्ध असा मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. भावना दुखावण्यासाठी आधी त्या माणसाविषयी अभिमान असावा लागतो.

१९/ महाराष्ट्राबाहेर याच माणसाचा चेहरा बदलतो. बाजीराव १८५१ पर्यंत कानपूरजवळ बिठूरला राहिले. त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब आणि बिठूरच्या वाड्यात वाढलेली मनू, म्हणजे पुढची राणी लक्ष्मीबाई, ही १८५७ ची दोन मोठी नावे त्या घरातली. म्हणून राणीवरच्या हिंदी मालिकांत आणि चित्रपटांत बाजीराव वत्सल, वृद्ध पालक म्हणून येतात. २०१९ च्या ‘मणिकर्णिका’त सुरेश ओबेरॉय यांनी त्यांची भूमिका केली. पुण्यात पळपुटा ठरलेला माणूस बिठूरमध्ये शूरांचा पोशिंदा ठरला.

२०/ तिसरी स्मृती कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाची. कंपनीच्या तुकडीत लढलेल्या महार शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले आणि इंग्रजांनी विजयाची खूण म्हणून उभारलेला स्तंभ स्वाभिमानाची खूण झाला. १९३६ मध्ये जातिसंस्थेवरच्या आपल्या गाजलेल्या भाषणात त्यांनी पेशवाईतल्या अस्पृश्यांच्या गळ्यातील मडके आणि कमरेचा झाडू यांचा उल्लेख केला. या स्मृतीत प्रश्न पेशवे पळाले की लढले, हा नाहीच. ते काय राखत होते, हा आहे.

२१/ २०१८ च्या पहिल्या दिवशी, त्या लढाईला दोनशे वर्षे होत असताना, कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. आदल्या संध्याकाळी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद भरली होती. त्या परिषदेच्या संदर्भात नंतर अटक झालेल्यांपैकी अनेक जण काही काळ येरवडा कारागृहात होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका लढाईचा अर्थ लावण्यावरून आजही माणसांची आयुष्ये पणाला लागतात. म्हणून विशेषणे जपून वापरावी लागतात.

२२/ ‘पळपुटा’ या शब्दाचा खरा दोष असा की तो बाजीरावांना फार स्वस्तात सोडतो. त्यांच्यावरचे गंभीर आरोप दुसरेच आहेत. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन त्यांनी यशवंतरावांशी समेटाची वाट बंद केली. वसईला सही केली. मामलती जास्त बोली लावणाऱ्यास इजाऱ्याने दिल्या. इजारदाराने मुदतीत पैसा वसूल करण्यासाठी रयत पिळून काढली. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या इजारा पद्धतीचे वर्णन केले आहे.

२३/ भित्रेपणा हा एका माणसाचा स्वभाव. इजारा, तैनाती फौज, सरदारांचे आपसातील वैर आणि जातीची उतरंड ही व्यवस्था. राज्य एका भित्र्यामुळे बुडाले असे म्हटले की व्यवस्थेची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे एकमेकांकडे पाठ करून का उभे राहिले? कंपनीच्या फौजेचा पगार वेळेवर होई आणि मराठी फौजेचा का रखडे? ‘पळपुटा’ हे या सर्व प्रश्नांवर टाकलेले पांघरूण आहे.

२४/ येरवड्यातच या पांघरुणाचे एक टोक उचलून पाहता येते. तेथील टेकडीवर डेक्कन कॉलेज आहे. त्याची परंपरा १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत जाते. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, आणि पाठशाळेला पैसा मिळाला तो पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून. जी दक्षिणा पेशवे श्रावणात ब्राह्मणांना वाटत, तिचा एक भाग एल्फिन्स्टनने शिक्षणाकडे वळवला.

२५/ त्या पैशावरूनही वाद झाला. १८४९ मध्ये सुधारक तरुणांनी अर्ज केला की दक्षिणा फंडातून चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत. सनातनी खवळले. महात्मा फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि तिच्या उत्तेजनाने मराठी पुस्तके निघू लागली. पुढे डेक्कन कॉलेजात चिपळूणकर, आगरकर, टिळक, राजवाडे शिकले. पेशवाईवर अभिमानाने आणि संतापाने लिहिणारी पिढी अशा रीतीने काही अंशी पेशव्यांच्याच दक्षिणेवर घडली.

२६/ याच परिसरात मराठा इतिहास संग्रहालय आहे. द. ब. पारसनिसांनी आयुष्यभर जमवलेली कागदपत्रे आणि चित्रे साताऱ्याहून १९३९ मध्ये येथे आली. उताराची जागा आता पुलांनी घेतली आहे. एकाच उपनगरात लढाईची जागा, त्या राज्याची कागदपत्रे आणि १९३२ च्या पुणे कराराशी जोडलेला तुरुंग सापडतो. पेशवाईविषयीचे तिन्ही वाद, म्हणजे कोण हरले, कोणी लिहिले आणि कोणाला वगळले, येथे चालत फिरता येईल इतके जवळ आहेत.

२७/ बाजीरावांना शूर ठरवण्याची गरज नाही. पुरावा तसे सांगत नाही. पर्वतीवरून लढाई पाहणारा, प्रत्येक निर्णायक दिवशी रणापासून दूर राहिलेला हा पेशवा धाडसी नव्हता. पण १७ नोव्हेंबरच्या सकाळी रिकामी सापडलेली छावणी ही केवळ एका माणसाच्या पायांची गोष्ट नाही. वसईच्या सहीपासून इजाऱ्याच्या बोलीपर्यंत पंधरा-वीस वर्षांत ते राज्य आतून रिकामे होत आले होते. येरवड्याला ते दिसले, इतकेच.

२८/ तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘पळपुटा बाजीराव’ म्हणाले तर शब्द अडवण्याचे कारण नाही. वाक्प्रचार इतिहासाच्या परवानगीने चालत नाहीत. फक्त पुढचा प्रश्न विचारावा: तो पळाला खरा, पण त्याने राखायचे होते ते राज्य कोणाचे होते, आणि ते राखावे असे किती जणांना वाटत होते? (समाप्त)